कार्बन डॉट्स: निळा उजेड नेमका कुणाचा?

पुण्यात रसायनशास्त्राच्या एमएस्सी प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्यांपुढे कार्बन डॉट्स, म्हणजे काही नॅनोमीटर आकाराचे चमकणारे कार्बनचे कण, हमखास येतात. लिंबाचा रस, फळांच्या साली, पानं, काहीही चालतं. टेफ्लॉनचं भांडं घातलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखाली तापवायच्या बंद पात्रात) ते काही तास तापवायचं आणि तपकिरी द्रावण अतिनील दिव्याखाली निळं चमकलं की डॉट्स झाले, असं धरलं जातं. खरा वाद इथेच आहे: हा उजेड कणांचा की द्रावणातल्या सुट्या रेणूंचा?

२००४ मध्ये अमेरिकेत नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) शुद्ध करताना काजळीतून चमकणारे कण योगायोगाने सापडले. २००६ मध्ये लेझरने केलेल्या कणांवर पॉलिमरचा थर देऊन चमक वाढवली गेली, आणि नावही तेव्हाच रूढ झालं. नंतर मेणबत्तीची काजळी नायट्रिक आम्लात उकळूनही कण मिळाले. ही चमक बेताचीच होती.

२०१३ मध्ये सायट्रिक आम्ल आणि एथिलीनडायअमाइन एकत्र तापवून सुमारे ८० टक्के क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशकणांपैकी किती चमक म्हणून परत येतात ते प्रमाण) मिळाल्याचं प्रसिद्ध झालं आणि सगळे त्या पाककृतीमागे लागले. पण २०१५ मध्ये दिसून आलं की या अभिक्रियेत एक छोटा, स्वतःच झगझगीत चमकणारा सेंद्रिय रेणू तयार होतो. त्याआधी, २०१२ मध्ये, सायट्रिक आम्ल आणि इथेनॉलअमाइनच्या कामात इशारा मिळालाच होता: १८० अंशांना चमक भरपूर, पण ती रेणूंची, तापमान वाढवून कार्बनचा गाभा घडवला की चमक घटते. माझ्या मते तो इशारा त्याच वेळी गांभीर्याने घ्यायला हवा होता.

डायलिसिसची पिशवी (लहान रेणू बाहेर जाऊ देते, मोठे कण अडवते) द्रावण भरून पाण्याच्या बीकरमध्ये सोडून बाहेरचं पाणी दिव्याखाली धरा. बऱ्याचदा तेही निळं दिसतं. ते पाणी ओतून देऊन फक्त पिशवीतल्या द्रावणाचं मोजमाप छापणं मला पटत नाही. बाहेरच्या पाण्याचाही स्पेक्ट्रम घ्यावा, पिशवीतला माल कॉलमवरून (घटक वेगळे करणाऱ्या नळीतून) काढावा. ध्रुवित प्रकाशाने अॅनिसोट्रॉपी (बाहेर पडणारा उजेड किती ध्रुवित राहतो ते) मोजली तर आणखी कळतं: सुटा रेणू पाण्यात झपाट्याने गिरकतो, काही नॅनोमीटरचा कण सावकाश.

उत्तेजनाची, म्हणजे चमक आणण्यासाठी टाकलेल्या प्रकाशाची, तरंगलांबी बदलली की रंग सरकतो, याचं श्रेय आधी कणांच्या आकाराला मिळालं, मग पृष्ठभागावरच्या ऑक्सिजन-नायट्रोजनच्या गटांना. वेगवेगळ्या रेणूंचं मिश्रणही हेच करू शकतं. गाभ्याला घट्ट चिकटलेला रेणू कणाचा भाग मानायचा की अशुद्धी, यावर मात्र अजून एकमत नाही.