क्रूकबॅक बॉगच्या चेटकिणी

‘द विचर ३: वाइल्ड हंट’ या व्हिडिओ गेममध्ये व्हेलेन नावाचा प्रांत आहे. तिथल्या क्रूकबॅक बॉग या दलदलीत राहणाऱ्या तीन अतिप्राचीन बहिणी म्हणजे या चेटकिणी. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा हा गेम १९ मे २०१५ रोजी आला. गेमचं जग आंजेय सापकोव्स्की यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेलं असलं, तरी या तिघी मूळ कादंबऱ्यांत नाहीत. त्या गेमच्या लेखकांनी घडवल्या. वीव्हेस विणकाम करते, ब्रुएस हंड्यात काढे शिजवते आणि व्हिस्पेस कुजबुजते, ऐकते. गावकरी त्यांना ‘रानातल्या बाया’ म्हणतात, आणि तेही दबक्या आवाजात.

व्हेलेन ही युद्धाने उजाड केलेली भूमी आहे. निल्फगार्ड आणि रेडानिया यांच्या सैन्यांमध्ये सापडलेल्या या प्रांताला ना राजा उरला आहे, ना न्याय. शेतं ओस पडली आहेत, झाडांना फाशी दिलेली माणसं लटकताहेत, आणि दलदलीकाठच्या खेड्यांना आधार म्हणून या तिघीच शिल्लक आहेत. चेटकिणींची सत्ता समजून घ्यायची तर सुरुवात इथून करावी लागते. त्यांनी गावं जिंकलेली नाहीत. गावांनीच त्यांच्यापुढे हात पसरले आणि त्या बदल्यात जे मागितलं ते दिलं.

काय दिलं, ते डाउनवॉरन या गावात दिसतं. जवळच्या टेकडीखालची एक शक्ती गावाला छळते आहे, तिचा बंदोबस्त करण्यासाठी चेटकिणी गेमचा नायक गेराल्ट याला, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणाऱ्या ‘विचर’ला पाठवतात. काम झाल्यावर तो त्यांनी सांगितलेला मोबदला घ्यायला गावप्रमुखाकडे जातो. म्हातारा सुरी घेतो, स्वतःचा कान कापतो आणि तो चेटकिणींना नेऊन द्यायला गेराल्टच्या हाती ठेवतो. आरडाओरडा नाही, तक्रार नाही. ठरल्याप्रमाणे द्यायचं ते दिलं, एवढंच. चेटकिणींच्या सगळ्या क्रौर्यापेक्षा त्या म्हाताऱ्याचा हा शांतपणा अधिक अंगावर येतो.

दलदलीत शिरणारी एक पाऊलवाट आहे, तिच्याकडेने खाऊ मांडलेला असतो. दुष्काळात खाणारी तोंडं जड झाली की घरचीच माणसं मुलांना या वाटेवर सोडतात. पुढे एक झोपडी लागते. तिथे ‘आजी’ नावाची बाई अनाथ मुलांना सांभाळते आणि भिंतीवर एक विणलेलं चित्र टांगलेलं असतं, त्यात तीन तरुण, देखण्या स्त्रिया. चेटकिणी या चित्रातूनच आजीशी बोलतात. खरं रूप पुढे येतं तेव्हा वीव्हेसच्या एका डोळ्याच्या खोबणीत पोळं असतं, तर ब्रुएसचं डोकं वेताच्या टोपलीखाली झाकलेलं असतं. ती सांभाळलेली मुलं कशासाठी होती, हेही मग कळतं.

आजी म्हणजे अ‍ॅना स्ट्रेंगर, ‘ब्लडी बॅरन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फिलिप स्ट्रेंगरची बायको. दारुड्या, मारकुट्या नवऱ्याचं पोटातलं मूल नको म्हणून ती चेटकिणींकडे गेली आणि बदल्यात तिने एक वर्षाची चाकरी कबूल केली. तिचा गर्भ पडला आणि हातावर खूण उमटली. करार शब्दशः पाळायचा, ही चेटकिणींची रीत. मात्र मागणाऱ्याला खरंच काय हवं होतं, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

त्यांचा उगम गेममधल्या एका पुस्तकात येतो. त्यानुसार दूर देशाहून ‘जाणती’ म्हणून ओळखली जाणारी एक शक्ती या भूमीत आली. एकटेपणाला कंटाळून तिने माती आणि पाण्यापासून तीन मुली घडवल्या. पुढे तिला वेड लागलं आणि तिच्या राज्यात रक्ताचे पाट वाहू लागले. तेव्हा मुलींनीच आईला मारलं, आणि तिचा आत्मा टेकडीवरच्या ओकच्या झाडाखाली अडकून राहिला. डाउनवॉरनला छळणारी शक्ती ती हीच, असं मानायला पुरेपूर जागा आहे. ती स्वतः मात्र गेराल्टला वेगळीच ओळख सांगते.

त्या आत्म्याचं काय करायचं, हे गेम खेळणाऱ्यावर सोडतो. मुक्त केलं तर मुलं वाचतात, पण डाउनवॉरन उद्ध्वस्त होतं आणि अ‍ॅनाचं चेटकिणींच्या शापाने पाण्यातल्या हडळीत रूपांतर होतं. मारलं तर गाव वाचतं, मुलं नाहीशी होतात, अ‍ॅना वेडी होऊन जिवंत राहते. नव्या शतकातल्या गेमकथनात इतका कठोर, इतका प्रामाणिक पेच फार थोड्या ठिकाणी सापडेल. आपण भलं केलं असं समाधान दोन्ही वाटांनी मिळत नाही, आणि ते मिळू न देण्याचा लेखकांचा निर्णय योग्यच होता.

मुख्य कथानकात चेटकिणींचा संबंध गेराल्टची मानसकन्या सिरी हिच्याशी येतो. जीव वाचवत ती दलदलीत पोहोचते तेव्हा तिला वाइल्ड हंटच्या, म्हणजे तिच्या मागावर असलेल्या भुतासारख्या स्वारांच्या टोळीच्या हवाली करायचं ठरतं. पण अखंडच द्यायची, की पाय आधी आपण खायचे, यावर बहिणींत वाद होतो, आणि तो कानावर पडताच सिरी पळ काढते. पुढे बाल्ड माउंटनवर, वार्षिक मेळाव्याच्या रात्री, ती ब्रुएस आणि व्हिस्पेसला ठार करते. वीव्हेस तिच्याजवळचं वेसेमिरचं, म्हणजे गेराल्टच्या वृद्ध गुरूचं पदक हिसकावून निसटते.

या तिघींमागची परंपरा ओळखू येते. नशिबाचा धागा हाती असलेल्या तीन बहिणी ग्रीक पुराणातल्या क्लोथो, लॅकेसिस आणि अ‍ॅट्रोपोस यांच्या रूपात आहेतच. रानातल्या झोपडीत राहणारी, मुलं खाणारी, तरी क्वचित मदतही करणारी म्हातारी स्लाव लोककथांत बाबा यागा या नावाने वावरते. पोलंडच्या श्वियेंतोक्शिस्की डोंगरांतली वुइसा गुरा, म्हणजे ‘टक्कल पडलेला डोंगर’, चेटकिणींच्या मेळाव्याची जागा म्हणून लोककथांत प्रसिद्ध आहे. गेमचा बाल्ड माउंटन तिथूनच आला.

शेवट कसा होतो, यावर वीव्हेसचं भवितव्य ठरतं. एका शेवटात सिरी परत येत नाही. तेव्हा उरलेल्या या एका चेटकिणीला मारून पदक परत मिळवायला गेराल्ट एकटाच क्रूकबॅक बॉगमध्ये जातो. बाकीच्या शेवटांत तिचं पुढे काय झालं, ते गेम सांगत नाही.