सीबीडीचं तेल आणि गाडीचं लायसन्स: ब्रिटनमध्ये कोणता कागद चालतो, कोणता चालत नाही

गुडघे दुखतात, झोप लागत नाही, म्हणून कुणीतरी सीबीडीचं तेल सुचवतं. (सीबीडी म्हणजे भांग-गांजाच्या झाडातलं, नशा न आणणारं द्रव्य.) हाय स्ट्रीटवरच्या दुकानात ती बाटली व्हिटॅमिनच्या गोळ्यांशेजारीच असते, बिल मिळतं, सगळं कसं राजरोस. मग एखाद्या संध्याकाळी पोलीस गाडी थांबवतात, लाळेची ड्रग्जची चाचणी पॉझिटिव्ह येते आणि आपला माणूस पाकिटातून ते बिल काढून दाखवतो. घोडं पेंड खातं ते इथे. विकत घेणं कायदेशीर होतं एवढंच त्या बिलावरून कळतं. गाडी चालवण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

ओळखीच्यांचे फॉर्म भरून देता देता हा गैरसमज इतक्यांदा पाहिलाय, की एकदा सगळं लिहूनच काढतो. हे इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंडमध्ये रक्तातल्या ड्रग्जच्या मर्यादा ऑक्टोबर २०१९ पासून लागू आहेत, बाकी कामाची पद्धत थोडी वेगळी.

मोजतात काय?

सीबीडी मोजत नाहीत, टीएचसी मोजतात, म्हणजे त्याच झाडातलं नशा आणणारं द्रव्य. सीबीडी हे ब्रिटनमध्ये नियंत्रित द्रव्य नाही आणि रक्तात ते किती असावं याला मर्यादाही नाही. टीएचसीला मात्र रोड ट्रॅफिक अ‍ॅक्ट १९८८ च्या कलम ५ए नुसार लिटरभर रक्तात २ मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे, २ मार्च २०१५ पासून. तुम्ही गाडी सरळ चालवत होतात, झिंग नव्हती, हे या कलमात कुणी विचारत नाही. आकडा ओलांडला की गुन्हा. उलट आकडा शून्य असला, पण तेलामुळे पेंग येऊन गाडी भरकटली, तर कलम ४ आहेच, म्हणजे द्रव्याच्या अमलामुळे नीट गाडी चालवता न येणं. तिथे द्रव्य कायदेशीर होतं की नाही हा प्रश्नच येत नाही.

दुकानातल्या तेलाच्या दोन थेंबांनी कुणी मर्यादा ओलांडेल असं म्हणत नाही. पण 'फुल स्पेक्ट्रम' लिहिलेल्या तेलात टीएचसीचा अंश असतोच, आणि आपल्याकडे 'नैसर्गिक आहे, थोडं जास्त घेतलं तर काय होतंय' म्हणणारे कमी नाहीत. फूड स्टँडर्ड्स एजन्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोगी प्रौढांसाठीचा सीबीडीचा सल्ला दिवसाला ७० मिलिग्रॅमवरून १० मिलिग्रॅमवर आणला. घरातली बाटली त्याआधीची असेल तर तिच्यावरचा डोस आज बघून घेऊ नका.

आणखी एक आकडा लोक छातीठोकपणे सांगतात: '०.२ टक्क्यांपेक्षा कमी टीएचसी असलं की कायदेशीर'. तो आकडा हेंपच्या (कमी टीएचसीच्या भांगेच्या) शेतीच्या परवान्यातला, बाटलीचा नव्हे. तयार मालाची अट आहे बाटलीमागे जास्तीत जास्त १ मिलिग्रॅम. हिशेब करा: १० मिलिलिटरच्या बाटलीत ०.२ टक्के म्हणजे जवळपास २० मिलिग्रॅम. विक्रेत्यांच्या जाहिरातींत हा आकडा अजून दिसतो आणि ग्राहक त्यावर विसंबून राहतो.

बचाव कुणाला मिळतो?

कलम ५ए मध्येच वैद्यकीय बचावाची तरतूद आहे. औषध तुम्हाला उपचारासाठी लिहून दिलेलं किंवा पुरवलेलं हवं. सांगितलेल्या डोसाप्रमाणे आणि सोबतच्या सूचनांप्रमाणे घेतलेलं हवं. आणि ते तुमच्याकडे असणं मुळात कायदेशीर हवं. तिन्ही अटी एकदम. दुकानातलं तेल पहिल्याच अटीत अडकतं. त्यातल्या टीएचसीने आकडा ओलांडला तर हा बचाव तुमच्यासाठी नाही, मग गुडघे कितीही खरे दुखत असोत.

१ नोव्हेंबर २०१८ पासून इथले स्पेशालिस्ट रजिस्टरवरचे (तज्ज्ञांच्या अधिकृत यादीतले) डॉक्टर कॅनबिसपासून, म्हणजे याच भांग-गांजाच्या झाडापासून, बनवलेली औषधं लिहून देऊ शकतात. जीपी (आपला नेहमीचा फॅमिली डॉक्टर) स्वतःहून सुरू करत नाही, त्यामुळे बहुतेकजण खासगी क्लिनिककडे जातात. अशा रुग्णाला हा बचाव मिळू शकतो, आणि त्याचा एक भाग लोकांना माहीत नसतो: तुम्ही पुरेसा पुरावा पुढे केलात की तो खोटा ठरवण्याचं ओझं सरकारी पक्षावर जातं. म्हणून कागदांना एवढं महत्त्व.

बचाव घालवायचेही सोपे मार्ग आहेत. डॉक्टरने 'घेतल्यावर इतके तास गाडी नको' सांगितलं आणि तुम्ही त्याआधी निघालात, की संपलं. कॅनबिसची फुलं व्हेपरायझरमध्ये (न जाळता वाफ करणाऱ्या यंत्रात) वापरायला दिली होती आणि तुम्ही सिगारेटसारखी ओढलीत, तरी संपलं. लिहून दिलेलं कॅनबिस धूम्रपान करून घ्यायला नियमांतच बंदी आहे.

कोणाकडेच नसलेला कागद

'प्रिस्क्रिप्शन दाखवा' म्हटलं की रुग्ण गोंधळतो, कारण ते त्याच्या हातात कधी आलेलंच नसतं. नियंत्रित औषधाचं खासगी प्रिस्क्रिप्शन गुलाबी फॉर्मवर असतं आणि क्लिनिककडून थेट फार्मसीत जातं. (सहीच्या तारखेपासून २८ दिवसांत औषध उचलावं लागतं. यात 'महिनाभर' असं धरून बसलेले अनेक जण तिसाव्या दिवशी रिकाम्या हाताने परत येतात.) तेव्हा तुमचा मुख्य कागद म्हणजे फार्मसीने डब्यावर चिकटवलेलं लेबल. तेल प्रवासाला सोयीचं म्हणून छोट्या बाटलीत ओतून घेणाऱ्या सर्व काकूंना हात जोडून विनंती: मूळ बाटलीच जवळ ठेवा.

त्या लेबलवर डोस काय लिहिलाय तेही वाचा. 'डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे' एवढंच असेल तर कटकट आहे, कारण 'सांगितल्याप्रमाणे घेतलं' हे तुम्ही दाखवणार कशावरून? सुरुवातीला डोस हळूहळू वाढवतात तेव्हा हे हमखास होतं. क्लिनिकला ईमेल करून डोसाचं वेळापत्रक आणि गाडीबद्दलचा सल्ला लेखी मागा. जीपीला पाठवलेल्या पत्राची प्रतही मागून घ्या. क्लिनिकची रिसेप्शनिस्ट 'अ‍ॅपमध्ये आहे' म्हणेल. अ‍ॅप रात्री अकराला हमरस्त्याच्या कडेला उघडत नाही, हा स्वानुभव नसला तरी शेजाऱ्याचा आहे. प्रिंट काढा.

आणि नाव. आपल्याकडचा हा खास घोळ. लायसन्सवर पासपोर्टप्रमाणे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे, लेबलवर नुसतं पहिलं नाव आणि आडनाव. लग्नाआधीच्या आडनावाने जीपीकडे नोंद, लायसन्स नव्या आडनावाचं. क्लिनिककडे नाव नोंदवतानाच लायसन्सवरचं नाव अक्षरन् अक्षर द्या. नंतर बदलायला गेलात तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

डीव्हीएलएला (लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याला) काय कळवायचं?

औषधाचं नाव कळवायचं असं लोक समजतात. कळवायचा असतो तो आजार, किंवा गाडी चालवण्यावर होणारा परिणाम. मल्टिपल स्क्लेरोसिस, एपिलेप्सी कळवावेच लागतात. चिंता, नैराश्य, निद्रानाश यांचा गाडी चालवण्यावर परिणाम होत असेल तर कळवायचं. लपवलंत तर १,००० पौंडांपर्यंत दंड. फॉर्म ऑनलाइन किंवा पोस्टाने स्वानसीला, फी नाही, बाकी फॉर्म सोपा.

अडचण त्यानंतरच्या शांततेची आहे. उत्तर यायला महिने लागतात आणि 'तोवर गाडी चालवू का' याचं उत्तर फोनवर धड मिळत नाही. रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टच्याच कलम ८८ नुसार काही अटींवर चालवता येते. मुख्य अट म्हणजे तुम्ही गाडी चालवायला तंदुरुस्त आहात असं तुमच्या डॉक्टरचं मत हवं. ते मत लेखी घ्या, तोंडी नको.

थांबवलंच तर

लाळेची चाचणी पॉझिटिव्ह आली की अटक, मग स्टेशनवर रक्त. 'आधी वकील येऊ दे' म्हणून रक्त देण्यात टाळाटाळ केली तर तो नकार धरतात, आणि नकाराचीही किमान शिक्षा मर्यादा ओलांडल्याइतकीच: वर्षभर गाडी बंद. रक्ताचे दोन भाग करतात. त्यातला एक तुम्ही मागू शकता. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, आणि तो प्रयोगशाळेत तपासून घेणं तुमचं काम, तुमचा खर्च. लेबल, पत्र, डोसाचा कागद तिथेच दाखवा आणि 'माझी वैद्यकीय परिस्थिती नोंदवा' असं स्पष्ट म्हणा. निकालाला आठवडे लागतात. महिनाभर काही आलं नाही म्हणून प्रकरण मिटलं असं समजू नका. केस दाखल करायला सहा महिन्यांची मुदत असते.

दोषी ठरलात तर किमान एक वर्ष बंदी, अमर्याद दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन्सवर ११ वर्षं नोंद. ज्यांचं व्हिसा-नागरिकत्वाचं व्हायचं आहे त्यांनी लक्षात ठेवा, त्या अर्जात गाडीसंबंधी शिक्षाही विचारतात.

भारतातून येणारे आई-बाबा

भारतात आयुर्वेदिक डॉक्टरच्या चिठ्ठीवर 'विजया' तेल मिळतं. ते भांगेच्या पानांपासून बनतं, आणि १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याच्या व्याख्येत शेंड्यांशिवायची पानं येत नाहीत. म्हणून तिकडे होळीला भांग चालते. ब्रिटनच्या १९७१ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात पानंसुद्धा कॅनबिसच, म्हणजे 'क्लास बी' वर्गातलं नियंत्रित द्रव्य. त्यामुळे पुण्याच्या वैद्यांची सही-शिक्क्याची चिठ्ठी असली तरी इथे ते तेल जवळ असणंच बेकायदा. मग वर सांगितलेली तिसरी अट मोडते आणि बचावच उरत नाही. बॅग भरताना हे तेल बाजूला काढा, लेबलवर फक्त 'वेदनाशामक तेल' असलं तरी मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा.

बाबा भारतीय लायसन्सवर इथे १२ महिने छोटी गाडी चालवू शकतात. पण तुमच्या गाडीच्या विम्यात त्यांचं नाव घातलंय का, आणि घालताना विमावाल्याने विचारलेले आजार सांगितलेत का, हे किल्ली देण्याआधी बघा.