उंदराची किडनी: नाकारणं कुठे सुरू होतं?

बडोद्यात घरातल्या कुणी किडनी द्यायची ठरली की आधी भावंडांचं रक्त एचएलए (पेशींवरच्या ज्या खुणांवरून शरीर परका अवयव ओळखून नाकारतं) जुळणीसाठी जातं. या चाचणीची वंशावळ उंदरांपर्यंत पोहोचते. १९३६-३७ च्या सुमारास लंडनमध्ये पीटर गोररला उंदरांत एक प्रतिजन (पेशीवरची अशीच खूण) सापडला, आणि एका स्ट्रेनची (शुद्ध वंशाची) कर्करोगाची गाठ दुसऱ्यात का टिकत नाही याचा धागा हाती आला. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉर्ज स्नेलनं फक्त तेवढ्या जनुकीय भागात वेगळे असलेले उंदीर पैदास केले. तो भाग म्हणजे एच-२. माणसातला एचएलए त्याचाच भाऊबंद.

१९५३ मध्ये बिलिंगहॅम, ब्रेंट आणि मेडावार यांनी गर्भातल्या उंदरांना परक्या स्ट्रेनच्या पेशी टोचल्या. मोठे झाल्यावर त्यांनी त्या स्ट्रेनची त्वचा स्वीकारली. दात्याच्या पेशी आधी देऊन सहनशीलता (शरीरानं त्याचा अवयव न नाकारणं) आणण्याचे अहमदाबादला डॉ. एच. एल. त्रिवेदींनी केलेले प्रयत्न याच धाग्यातले.

पण हे सगळं बहुतांशी त्वचेवर. उंदरात किडनी बसवण्याचं तंत्र स्कोस्किविच आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मांडलं. काम नाजूक: उंदीर पंचवीसेक ग्रॅमचा, महाधमनी जेमतेम मिलिमीटरभर, टाके सूक्ष्मदर्शकाखाली १०-० च्या, म्हणजे केसाहून बारीक, नायलॉननं. दात्याची किडनी धमनी-शिरेच्या तुकड्यासकट काढून ग्राहकाच्या महाधमनीला आणि महाशिरेला बाजूनं जोडतात, मूत्रवाहिनी मूत्राशयाला. रक्तप्रवाह रोखणारा क्लॅम्प (चिमटा) जास्त वेळ राहिला तर मागचे पाय लुळे पडतात; शिवाय कधी शिरेत गुठळी होते, कधी मूत्राशयाच्या जोडातून गळती होते. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतला मृत्यू सहसा शस्त्रक्रियेच्या खात्यावर टाकतात, नाकारण्याच्या नव्हे. त्याच स्ट्रेनमधलं प्रत्यारोपण तुलनेसाठी ठेवलं नाही तर हा फरक करताच येत नाही.

उंदराच्या पोटात बसवलेल्या हृदयाचे ठोके पोटावर बोट ठेवून कळतात. किडनीला ती सोय नाही. त्यामुळे उंदराच्या स्वतःच्या दोन्ही किडन्या काढाव्या लागतात, दुसरी बहुधा काही दिवसांनी. मग रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते ते टाकाऊ द्रव्य) वाढलं तर दोष नव्या किडनीचाच. मापन मात्र एन्झाइम पद्धतीनं हवं. जाफे ही जुनी रंग-चाचणीची पद्धत उंदराच्या रक्तात इतर द्रव्यंही मोजते आणि आकडा फुगतो.

खरी अडचण पुढेच. डीबीए/२ या स्ट्रेनची किडनी सी५७ब्लॅक/६ या स्ट्रेनमध्ये बसवली तर एच-२ पूर्ण वेगळं असूनही ती पुष्कळदा औषधाविना महिनोन्महिने टिकते. याच जोडीत हृदय आठवड्या-दीड आठवड्यात जातं. टिकलेल्या किडनीत रक्तवाहिन्यांभोवती नियामक टी-पेशींचे (प्रतिकार आवरून धरणाऱ्या पांढऱ्या पेशींचे) पुंजके दिसतात. अशा जोडीत औषध 'यशस्वी' ठरवणं म्हणजे न लागलेल्या आगीवर पाणी ओतणं. प्रतिपिंडांमुळे होणारी हानी पाहायची असेल तर ए/जे स्ट्रेनची किडनी सीसीआर५ (प्रतिकार-पेशींवरचा एक ग्राही) नसलेल्या ब्लॅक/६ मध्ये बसवतात. तिथे प्रतिपिंड भरपूर तयार होतात आणि त्यांच्या हल्ल्याची खूण असलेल्या सी४डी चा थर केशवाहिन्यांत दिसतो.

निर्जंतुक पिंजऱ्यात वाढलेल्या उंदराकडे माणसासारख्या जुन्या संसर्गांच्या स्मृती-टी-पेशी फार थोड्या असतात. डायलिसिस, रक्त चढवणं, गर्भारपण यांतून गेलेल्या रुग्णाशी त्याची तुलना करताना हे आधी वजा करावं लागतं.