११० ग्रंथालयांची एक तालिका: कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांच्या ग्रंथालय-सहकार्याची पार्श्वभूमी

जानेवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या ११० कम्युनिटी कॉलेजांची ग्रंथालयं एकाच प्रणालीवर आली. कर्मचाऱ्यांच्या कामासाठी एक्स लिब्रिस कंपनीची ‘अल्मा’ आणि विद्यार्थ्यांना शोध घेण्यासाठी ‘प्रायमो’. बातमी एवढीच होती. पण हीच ग्रंथालयं नियतकालिकांतल्या लेखांच्या डेटाबेसची एकत्र खरेदी १९९० च्या दशकापासून करत होती. मग तालिका, म्हणजे ग्रंथालयात काय काय आहे त्याची यादी, एकत्र यायला आणखी वीसेक वर्षं का लागली? सॉफ्टवेअर तयार नव्हतं हे उत्तर अर्धवट आहे. पैसा कुठून येतो आणि निर्णय कोण घेतं, हे पाहिलं की उरलेलं उत्तर मिळतं.

आधी ही कॉलेजं म्हणजे काय ते सांगायला हवं. १९०७ च्या एका कायद्याने कॅलिफोर्नियातल्या हायस्कुलांना पुढचे वर्ग चालवायची मुभा मिळाली आणि १९१० मध्ये फ्रेस्नोला पहिलं असं कॉलेज उघडलं. तेव्हा त्यांना ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हणत, मात्र आपल्या अकरावी-बारावीच्या ज्युनिअर कॉलेजशी त्यांची गल्लत नको. ही कॉलेजं बारावीनंतरची. इथे दोन वर्षांची असोसिएट पदवी मिळते, नर्सिंगपासून वेल्डिंगपर्यंतचे अभ्यासक्रम चालतात आणि इथली दोन वर्षं पुरी करून थेट विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जाता येतं. आज अशी ११६ कॉलेजं आहेत. ती ७३ डिस्ट्रिक्टांत, म्हणजे कॉलेजं चालवणाऱ्या विभागांत, विभागलेली आहेत आणि जवळपास प्रत्येक डिस्ट्रिक्टला लोकांनी निवडून दिलेलं स्वतःचं मंडळ आहे.

गाठ इथेच आहे. १९७८ पर्यंत या कॉलेजांचा बराचसा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागत असे. त्या वर्षी मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ मंजूर करून त्या कराला लगाम घातला आणि कॉलेजांना पैशासाठी राज्याच्या तिजोरीकडे पाहावं लागलं. निर्णयाचा अधिकार मात्र डिस्ट्रिक्टकडेच राहिला. त्यामुळे कार्डतालिकेची कपाटं जाऊन संगणक आले तेव्हा ज्याने त्याने आपल्याला परवडेल ते विकत घेतलं. कुठे सिर्सीडायनिक्स कंपनीची प्रणाली, कुठे इनोव्हेटिव्हची. शेजारशेजारच्या दोन कॉलेजांत एकच पुस्तक असलं तरी त्याच्या नोंदी वेगळ्या, देवघेवीचे नियम वेगळे आणि बिघाड झाला की फोन करायची कंपनीही वेगळी.

फ्लोरिडात चित्र उलटं होतं. तिथल्या विधिमंडळाने १९८९ मध्येच २८ कम्युनिटी कॉलेजांसाठी टॅलाहासी इथे एक स्वतंत्र केंद्र काढलं आणि ‘लिंक’ या नावाची सामाईक तालिका उभी राहिली. पैसा राज्याचा, यंत्रणाही राज्याची. कॉलेजांनी फक्त जोडून घ्यायचं. पण एकदा एकत्र आलं की पुढचा रस्ता सपाट असतो असंही नाही. २०१२ मध्ये कॉलेजांचं आणि विद्यापीठांचं केंद्र एक करण्यात आलं. नव्या प्रणालीसाठी एका कंपनीशी केलेला करार पुढे अर्धवट सोडावा लागला आणि सगळे मिळून नव्या घरात पोचले ते २०२१ च्या जुलैमध्ये. चाळीस संस्था एका गाडीत बसल्या की गाडी चुकते तीही चाळीस जणांची.

कॅलिफोर्नियात सहकार्याला सुरुवात झाली ती खरेदीतून. १९९६-९७ पासून राज्याने दूरसंचार आणि तंत्रज्ञानासाठी वेगळा निधी सुरू केला आणि त्यातला वाटा ग्रंथालयांच्या डेटाबेस-वर्गणीकडे वळला. प्रमुख ग्रंथपालांची परिषद आणि कॉलेजांची संघटना ‘कम्युनिटी कॉलेज लीग’ या दोघांनी मिळून खरेदीसंघ चालवला. ग्रंथपालांची समिती डेटाबेस तपासते, कंपनीकडून सर्वांसाठी एक दरपत्रक घेते, ज्या कॉलेजला हवं ते कॉलेज होकार कळवतं आणि बिलाचा व्यवहार लीग सांभाळते. सक्ती कुणावरच नाही. ही व्यवस्था टिकली याचं श्रेय मी या ऐच्छिकपणाला देईन. निवडून आलेल्या मंडळाला सक्ती चालली नसती.

दर ठरवताना एक आकडा कळीचा होता: ५२५. पूर्णवेळ विद्यार्थ्याचं एक एकक म्हणजे वर्षाला ५२५ तासांचं अध्यापन. आठवड्याला १५ तास, ३५ आठवडे. कंपनीने डोकी मोजून दर लावला तर कम्युनिटी कॉलेज बुडतं, कारण दिवसभर नोकरी करून संध्याकाळी एकच विषय शिकणारे इथे ढिगाने असतात. ३ युनिटचा (युनिट म्हणजे श्रेयांक, वरचं एकक नव्हे) एक विषय म्हणजे सत्रभरात सुमारे ५४ तास, म्हणजे एका एककाचा जेमतेम दहावा भाग. असे दहा विद्यार्थी मिळून एक पूर्णवेळ विद्यार्थी होतो. डोकी न मोजता एककं मोजायला लावणं ही खरेदीसंघाची पहिली मोठी कमाई. एकटं कॉलेज हे कंपनीच्या गळी उतरवू शकलं नसतं.

२००८ च्या मंदीनंतरच्या काटकसरीत डेटाबेस-वर्गणीसाठी कॉलेजांना थेट मिळणारा राज्याचा पैसा आटला. पुढे २०१२ मध्ये दुसरा मार्ग निघाला. पैसे कॉलेजांना वाटत बसण्यापेक्षा राज्यानेच एब्स्को कंपनीच्या डेटाबेसांचा एक मूळ संच सर्व कॉलेजांसाठी घेतला. आता लहान डोंगरी कॉलेजच्या विद्यार्थ्यालाही लॉस एंजेलिसच्या विद्यार्थ्याइतकेच लेख मिळू लागले. पण तो संच वापरायचा तर प्रत्येक कॉलेजला आपापल्या प्रणालीत वेगळा जोडावा लागे. एकाच कामाला शंभर जणांचे हात, आणि दुवे बदलले की पुन्हा तेच. एकत्र खरेदीतूनच एकत्र प्रणालीची गरज अशी टोचू लागली.

त्यात २०१७ च्या जूनमध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीची २३ आवारं एकत्र अल्मावर गेली. कम्युनिटी कॉलेजांतून पुढे जाणारे बरेच विद्यार्थी याच आवारांत दाखल होतात. त्याच सुमाराला, २०१७-१८ च्या अर्थसंकल्पात, राज्याने कम्युनिटी कॉलेजांच्या सामाईक प्रणालीसाठी ६० लाख डॉलर दिले. ही रक्कम एकदाच मिळणारी होती. स्थलांतर एकदाच होतं, त्याला ती पुरते. पण प्रणाली भाड्याची, तिची वर्गणी दरवर्षीची. सहभागी व्हावं की नाही यावर डिस्ट्रिक्टांत जी चर्चा झडली तिच्यात ‘तीन वर्षांनी बिल कोण भरणार?’ हा प्रश्न येणं साहजिकच होतं.

अल्मात तीन थर असतात. सगळ्यात वरचा कंपनीचा जागतिक साठा. मधला ‘नेटवर्क झोन’, म्हणजे सर्व कॉलेजांची सामाईक तालिका. खालचा ‘इन्स्टिट्यूशन झोन’, कॉलेजचा स्वतःचा. पुस्तकाची ग्रंथसूची नोंद मधल्या थरात एकच राहते आणि प्रत, बारकोड, वर्गांक, देवघेव हे सगळं खाली. राज्याने घेतलेला डेटाबेस मधल्या थरात एकदा सुरू केला की सर्वांना दिसतो. शंभर हातांचं काम एका हातावर आलं ते इथे.

पण शंभरावर कॉलेजांच्या नोंदी एकावर एक ठेवून जुळवायच्या कशा? त्यासाठी ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेने प्रत्येक नोंदीला दिलेल्या क्रमांकाचा आधार घेतला जातो. हा क्रमांक मार्क (यंत्राला वाचता येईल अशा ठरावीक साच्यातल्या) नोंदीच्या ०३५ क्रमांकाच्या रकान्यात असतो आणि सगळी रड तिथेच सुरू होते. एका कॉलेजने तो नुसता अंकांत लिहिलेला, दुसऱ्याने आधी ‘ओसीएम’ ही अक्षरं लावून पुढे शून्यं भरून आठ अंकी केलेला, तिसऱ्याने क्रमांकाआधी कंसात येणारं संस्थाचिन्हच गाळलेलं. माणसाला तिन्ही सारखेच दिसतात, यंत्राच्या लेखी ती तीन वेगळी पुस्तकं. क्रमांक नसेल तर आयएसबीएनवर जुळवण्याचा मोह होतो, पण विक्रेत्यांच्या ई-पुस्तक नोंदींत छापील आवृत्तीचा आयएसबीएनही टाकलेला असतो. मग छापील पुस्तक ई-पुस्तकाला चिकटतं आणि शेल्फवरची प्रत तालिकेतून नाहीशी झाल्यासारखी होते. म्हणून ०३५ ची साफसफाई जुन्या प्रणालीतच उरकायची असते. नव्या घरात कचरा नेला की तो ११० जणांचा होतो.

दुसरं दुखणं स्थानिक टिपांचं. ‘ही प्रत माजी विद्यार्थ्याने भेट दिली’ अशी टीप एखाद्याने ५०० क्रमांकाच्या सर्वसाधारण रकान्यात लिहिलेली असते. नोंद सामाईक झाली की मधल्या थरातली नोंद वरचढ ठरते आणि टीप पुसली जाते. वाचवायची असेल तर ती आधी ५९०, ६९० किंवा ९०० च्या पुढच्या स्थानिक रकान्यात हलवायची आणि ९ या उपरकान्यात ‘लोकल’ अशी खूण करायची. रकाना योग्य पण खूण नाही, तरी टीप जातेच.

तिसरं, ई-साहित्य. जुन्या प्रणालींत ई-पुस्तकांनाही नाइलाजाने खोट्या प्रती आणि खोटे बारकोड जोडलेले असत. स्थलांतराच्या वेळी अशा नोंदींच्या क्रमांकांची यादी कंपनीला द्यावी लागते, म्हणजे त्या ‘छापील’मधून ‘इलेक्ट्रॉनिक’मध्ये बदलल्या जातात. हे रूपांतर स्थलांतरासोबतच होतं, नंतर होत नाही. यादीतून सुटलेलं ई-पुस्तक ‘शेल्फवर उपलब्ध’ म्हणून दिसतं आणि विद्यार्थी मांडणीसमोर उभा राहून ते शोधत बसतो. त्यामुळे चाचणीच्या फेरीतच यादी पुन्हा तपासायची, अंतिम फेरीची वाट पाहायची नाही.

प्रत्यक्ष बदलाच्या दिवसांत आधी तालिकीकरण, म्हणजे नोंदी करणं, गोठवतात, मग देवघेव. तेवढ्या काळात दिलेली पुस्तकं एका स्वतंत्र संगणकावरच्या ऑफलाइन प्रोग्रॅममध्ये बारकोडनिशी नोंदवून नंतर चढवायची. या प्रोग्रॅमला कुणाचं खातं अडवलेलं आहे ते कळत नाही, सगळ्यांनाच तो पुस्तक देतो. जानेवारी निवडण्यामागचं गणित उघड होतं: सत्रांमधली सुटी. फक्त फूटहिल-डी ॲन्झासारख्या डिस्ट्रिक्टांत सत्रं नसून तिमाह्या आहेत आणि त्यांची हिवाळी तिमाही जानेवारीच्या पहिल्याच आठवड्याच्या आसपास सुरू होते. त्यांना सुटीचा फायदा नावापुरताच.

विद्यार्थ्यांची माहिती कॉलेजच्या नोंदणी-प्रणालीतून रोज रात्री चढवली जाते. मुख्य ओळखक्रमांक जुळला की जुनं खातं अद्ययावत होतं, नाही जुळला की नवं तयार होतं. जुन्या प्रणालीत ग्रंथालयाचा स्वतःचा क्रमांक आणि नव्या फायलीत कॉलेजचा क्रमांक असला, तर एका विद्यार्थ्याची दोन खाती होतात. घेतलेली पुस्तकं एका खात्यावर, लॉगिन दुसऱ्यावर. लॉस एंजेलिस डिस्ट्रिक्टमध्ये नऊ कॉलेजं आहेत. तिथे दोन कॉलेजांत एकेक विषय घेणारा विद्यार्थी दोन्हीकडच्या फायलींत यायला हवा. ‘मुख्य कॉलेज’ एवढाच निकष लावून फाइल काढली तर दुसऱ्या कॉलेजच्या खिडकीवर तो परका ठरतो.

प्रणाली सुरू होऊन दोन महिने होतात न होतात तोच मार्च २०२० मध्ये आवारं बंद झाली. घराघरांत अडकलेल्या पुस्तकांच्या परतीच्या तारखा एकाच आज्ञेने एकगठ्ठा पुढे ढकलता आल्या, ही नव्या प्रणालीची सोय लगेच उपयोगी पडली. लॅपटॉप आणि हॉटस्पॉट यांची देवघेवही पुष्कळ ठिकाणी ग्रंथालयाकडे आली. त्यांच्या नोंदी करताना चार्जरला वेगळा बारकोड लावलेला बरा, नाहीतर लॅपटॉप एकटाच परत येतो आणि नोंद मात्र ‘सगळं जमा’ म्हणते.

रात्री-अपरात्रीच्या चॅटवर ग्रंथपाल भेटण्याची सोय मात्र त्याआधीची. ओसीएलसीने २००२ मध्ये ‘क्वेश्चनपॉइंट’ सुरू केलं. लॉस एंजेलिस भागातल्या ग्रंथालयांनी उभारलेली २४ तासांची सेवा २००४ मध्ये त्यात मिसळली आणि २०१९ मध्ये ते सगळं स्प्रिंगशेअर कंपनीकडे गेलं. रात्री दोन वाजता तुमच्या विद्यार्थ्याला उत्तर देणारा दुसऱ्याच राज्यातला असतो. त्याच्यासमोर तुमच्या ग्रंथालयाच्या नियमांचं एक पान उघडलेलं असतं. ते सत्राच्या सुरुवातीला कुणी दुरुस्त केलं नाही, तर तो प्रामाणिकपणे मागच्या वर्षीची वेळ सांगतो.

इथल्या ग्रंथालयात सर्वांत जास्त फिरणारी मांडणी राखीव पाठ्यपुस्तकांची. २०१२ पासून राज्यातल्या विद्यार्थ्यांना फी युनिटला ४६ डॉलर आहे. ३ युनिटचा विषय १३८ डॉलरचा, आणि रसायनशास्त्राचं नवं पाठ्यपुस्तक कधीकधी त्याहून महाग. म्हणून ते पुस्तक दोन तासांसाठी, तिथेच बसून वाचायला मिळतं. ग्रंथालय सातला बंद होणार असेल आणि पुस्तक साडेसहाला दिलं, तर दोन तास कुठे संपवायचे हे प्रणालीला सांगून ठेवावं लागतं. ‘पुढच्या उघड्या दिवशी’ असा नियम चुकून लागला की शुक्रवारी संध्याकाळी दिलेलं पुस्तक हक्काने सोमवारपर्यंत घरी राहतं.

सामाईक तालिकेमुळे शेजारच्या कॉलेजात हेच पुस्तक आहे ते दिसतं, पण राखीव पुस्तक आंतरग्रंथालयीन देवघेवीत सहसा कुणी पाठवत नाही. शिवाय गृहपाठ प्रकाशकाच्या संकेतस्थळावर करायचा असेल तर त्याचा प्रवेश-कोड एकाच विद्यार्थ्यापुरता असतो. तो कोड कुठल्याच मांडणीवर ठेवता येत नाही. जानेवारी २०१८ पासून पाठ्यपुस्तकाचा खर्च नसलेले वर्ग वेळापत्रकात खूण करून दाखवणं कायद्याने बंधनकारक झालं आणि २०२१ च्या अर्थसंकल्पात अशा शून्य-खर्च अभ्यासक्रमांसाठी ११ कोटी ५० लाख डॉलर ठेवले गेले. त्या वर्गांसाठी लागणारी मुक्त, म्हणजे विनामूल्य वापरता येणारी, पुस्तकं आता मधल्या थरात एकदाच नोंदवली की पुरतं.