चॅनेल बफेलोचं, जाहिरात टोरांटोची: सिमसब आणि ब्लॅकआउट

फेब्रुवारीतल्या एका रविवारी कॅनडात टोरांटोशेजारच्या मिसिसॉगातल्या आमच्या बेसमेंटमध्ये पंधरा-वीस माणसं जमतात. त्यातल्या चौघांना अमेरिकन फुटबॉल कळतो. बाकीचे साबुदाणा वड्यांसाठी आणि जाहिरातींसाठी येतात. सुपर बोल म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा वर्षातला अंतिम सामना; त्याच्या जाहिरातींवर अमेरिकेतल्या कंपन्या एवढा पैसा ओततात की सामन्यापेक्षा त्यांचीच चर्चा जास्त होते. म्हणून पहिल्या वर्षी मी जरा हुशारी केली. कॅनडाचं सीटीव्ही न लावता केबलवर येणारं बफेलोचं अमेरिकन चॅनेल लावलं.

पहिलीच जाहिरात आली ती कॅनडातल्या एका बँकेच्या गृहकर्जाची. दुसरी बर्फातल्या टायरची. मी रिमोटचं बटण दाबून पाहिलं. खालच्या पट्टीवर बफेलोच्या चॅनेलचंच नाव होतं, पण पडद्याच्या कोपऱ्यात लोगो मात्र सीटीव्हीचा. "अहो, केबलवाल्याला फोन लावा, त्यांनी तारा उलट्या जोडल्यात," एका वहिनींनी निदान केलं.

त्याच हिवाळ्यात विनिपेगहून नोकरीसाठी इकडे आलेल्या एका मित्राने आपल्या लाडक्या विनिपेग जेट्स या हॉकी संघाचा सामना बघायला टीएसएन ३ हे क्रीडा चॅनेल लावलं. पडद्यावर फक्त एक पाटी: हा कार्यक्रम तुमच्या भागात उपलब्ध नाही. चॅनेलचे पैसे भरलेले, चॅनेल चालू, सामना चालू, आणि हा पाटी वाचत बसलेला. आमच्या बेसमेंटात या दोन्ही प्रकारांना एकच नाव पडलं: "ब्लॉक केलंय." तेव्हापासून दर वर्षी कोणीतरी हीच गल्लत करतं, आणि दर वर्षी मी वडा खाली ठेवून समजावतो.

माझ्या चॅनेलवर झाला तो सिमसब, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन प्रक्षेपणांतलं एक काढून त्या जागी दुसरं बसवणं. मित्राच्या चॅनेलवर झाला तो ब्लॅकआउट. सिमसबमध्ये कार्यक्रम दिसतो, फक्त तो तुम्ही लावलेल्या चॅनेलचा नसतो. ब्लॅकआउटमध्ये चॅनेल तुम्ही लावलेलंच असतं, कार्यक्रम मात्र दिसत नाही.

सिमसबचं मूळ भूगोलात आहे. कॅनडाची बहुतेक वस्ती अमेरिकेच्या सीमेलगत आहे. टीव्ही आला तेव्हापासून टोरांटोतले लोक ओंटारिओ सरोवरापलीकडच्या बफेलोकडे अँटेना वळवून बसले. बफेलोत कुठे आग लागली हे टोरांटोच्या जुन्या माणसांना स्वतःच्या गल्लीतल्या बातमीसारखं माहीत असायचं. पुढे केबल आली आणि बफेलोची चॅनेलं घराघरांत स्वच्छ दिसू लागली. आता कॅनडाच्या वाहिनीने एखाद्या अमेरिकन मालिकेचे कॅनडापुरते हक्क चांगले दाम मोजून घ्यायचे, आणि लोकांनी तीच मालिका त्याच वेळी बफेलोच्या चॅनेलवर बघायची. मग इथल्या जाहिरातदाराने इथल्या वाहिनीला पैसे कशाला द्यायचे?

तेव्हा १९७० च्या दशकात सीआरटीसीने नियम केला. सीआरटीसी म्हणजे साधारण आपल्या ट्रायसारखी नियामक संस्था, पण कार्यक्रमांच्या मजकुरातही लक्ष घालणारी. नियम असा, की कॅनडाचं स्थानिक स्टेशन आणि अमेरिकन स्टेशन एकाच वेळी तोच कार्यक्रम दाखवत असतील, तर कॅनडाच्या स्टेशनने मागणी केल्यावर केबल किंवा सॅटेलाइट कंपनीने अमेरिकन चॅनेलच्या जागी कॅनडाचं प्रक्षेपण सोडायचं. 'तोच कार्यक्रम' कशाला म्हणायचं हेही ठरलेलं आहे: जाहिराती वगळता किमान ९५ टक्के चित्र आणि आवाज सारखा हवा. १९७६ मध्ये याला करकायद्याची जोड मिळाली. सीमेपलीकडच्या स्टेशनवर कॅनडातल्या गिऱ्हाइकांसाठी जाहिरात दिली, तर तो खर्च कॅनडातल्या कंपनीला कराच्या हिशेबात दाखवता येईनासा झाला.

यात एक पाचर आहे, आणि ती लक्षात आली की कॅनडातल्या वाहिन्यांचं अख्खं वेळापत्रक उलगडतं. सिमसब मिळतो तो फक्त 'एकाच वेळी' असेल तर. कॅनडाच्या वाहिनीने मालिका एक तास आधी दाखवली किंवा दुसऱ्या दिवशी दाखवली, तर संरक्षण गेलं.

म्हणून काय होतं बघा. मे महिन्यात अमेरिकन नेटवर्क न्यूयॉर्कमध्ये जाहिरातदारांसमोर आपला नवा हंगाम मांडतात. त्याच सुमारास कॅनडातले खरेदीदार लॉस एंजेलिसमध्ये स्टुडिओंच्या नव्या मालिका बघतात आणि हक्क घेतात. सीटीव्हीची मालक बेल, ग्लोबलची कोरस, सिटीटीव्हीची रॉजर्स, असे हे तीन मोठे खाजगी खेळाडू. जूनमध्ये टोरांटोत यांचे नवे हंगाम थाटामाटात जाहीर होतात. पण संध्याकाळचे मोलाचे चौकोन तोवर अमेरिकेत भरून झालेले असतात. सीबीएसने 'सर्व्हायव्हर' बुधवारी रात्री ठेवलं की ग्लोबलचंही बुधवारीच. सीबीएसने उद्या वार बदलला तर ग्लोबलला बदलावा लागणार, नाहीतर सिमसब हातचा गेला. स्वतःच्या वाहिनीचं वेळापत्रक दुसऱ्याच्या कॅलेंडरवरून उतरवून घ्यायचं, असा हा धंदा आहे. सरकारी सीबीसी या शर्यतीत जवळजवळ नाहीच, कारण तिचा भर इथल्या कार्यक्रमांवर असतो.

मग कॅनडाच्या स्वतःच्या कार्यक्रमांचं काय? खाजगी स्थानिक स्टेशनांना संध्याकाळी सहा ते मध्यरात्र या सहा तासांत वर्षाच्या सरासरीने निम्मा भाग कॅनडियन कार्यक्रम दाखवावे लागतात. ऐकायला भरघोस वाटतं. आता हिशेब करा: सहा ते सात स्थानिक बातम्या, सात ते आठ सिनेनट-नट्यांच्या बातम्या, अकरा ते बारा पुन्हा बातम्या. झाले तीन तास. आठ ते अकरा मोकळे, अमेरिकन मालिकांसाठी. इथली एखादी चांगली मालिका मग शुक्रवारी किंवा उन्हाळ्यात, लोक कॉटेजवर गेलेले असताना लागते. सिमसबमुळे कॅनडाच्या वाहिन्या जगल्या हे खरं; पण जगता जगता त्या दुसऱ्याच्या सावलीत उभ्या राहिल्या, असं माझं मत. इथल्या टीव्हीत काम करणारी मंडळी यावर हिरिरीने वाद घालतात, आणि दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत.

आता ब्लॅकआउट. इथे सीआरटीसी नाही, सरकार नाही. लीग आणि वाहिनी यांच्यातला हा खाजगी करार. सिमसबला घड्याळ लागतं, ब्लॅकआउटला नकाशा.

हॉकीतच बघू. एनएचएल या हॉकी लीगच्या सामन्यांचे दोन ढीग असतात. राष्ट्रीय सामने देशभर दिसतात. त्यांचे हक्क २०१४-१५ च्या हंगामापासून बारा वर्षांसाठी रॉजर्सने ५२० कोटी कॅनडियन डॉलरला घेतले, आणि २०२५ मध्ये पुढच्या बारा वर्षांसाठी, म्हणजे २०२६-२७ पासून, ११०० कोटींना. उरलेले सामने प्रादेशिक. ते प्रत्येक संघ आपापल्या मुलखापुरते विकतो, आणि लीगने तो मुलूख आखून दिलेला असतो. विनिपेग जेट्सचे प्रादेशिक सामने टीएसएन ३ कडे. टीएसएनने २०१४ मध्ये दोन चॅनेलांची पाच केली ती मुख्यतः याचसाठी, की एका रात्री वेगवेगळ्या मुलखांना वेगवेगळे सामने देता यावेत. मिसिसॉगा हा टोरांटो मेपल लीफ्सचा मुलूख. इथे जेट्सचा प्रादेशिक सामना दाखवायचा हक्क टीएसएनने विकतच घेतलेला नाही, मग ते दाखवणार काय? मित्राला वाटत होतं, आपल्यावर अन्याय झाला. खरं तर त्याने फक्त घर बदललं होतं.

बेसबॉलमध्ये हा नकाशा आणखी गमतीदार होतो. टोरांटो ब्लू जेज हा मेजर लीगमधला कॅनडाचा एकुलता एक संघ, म्हणून सबंध कॅनडा त्यांचं अंगण. जवळजवळ एक कोटी चौरस किलोमीटर! व्हँकुव्हरमधला माणूस मैदानापासून तीन हजारांहून जास्त किलोमीटर दूर बसलेला असतो, तरी लीगच्या स्वतःच्या स्ट्रीमिंग वर्गणीवर त्याला जेजचा सामना थेट दिसत नाही. कारण तो 'स्थानिक' प्रेक्षक. त्याने स्पोर्ट्सनेट हे क्रीडा चॅनेल घ्यावं अशी अपेक्षा. आणि स्पोर्ट्सनेट कोणाचं? रॉजर्सचं. संघ कोणाचा? तोही रॉजर्सचाच.

भारतातल्या वाचकांना याचा एक भाऊबंद ओळखीचा असेल. भारताचा सामना डीडी फ्री डिशवर दिसतो, पण खाजगी केबलवर दूरदर्शन लावलं तर तिथे भलतंच काहीतरी चालू असतं. २००७ च्या कायद्याने खाजगी वाहिनीला महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं, पण ते दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यापुरतं, खाजगी केबलवर नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. तिथेही चॅनेल तेच, हक्क मात्र कोणत्या तारेतून येतोय त्यावर.

सुपर बोलकडे परत येतो, कारण तिथे सिमसबची खरी परीक्षा झाली. अमेरिकन जाहिराती दिसत नाहीत म्हणून कॅनडाचे लोक वर्षानुवर्षं सीआरटीसीकडे तक्रारी करत होते. सीआरटीसीने २०१५ मध्ये जाहीर केलं, की २०१७ पासून या एका सामन्यापुरता सिमसब बंद. २०१७, २०१८, २०१९ असे तीन सुपर बोल कॅनडाने केबलवर अमेरिकन जाहिरातींसकट पाहिले. (आम्ही नेमके नंतर आलो.) सीटीव्हीचे प्रेक्षक बरेच घटले; बेल तर त्याआधीच कोर्टात गेली होती.

बेलच्या बाजूने कोर्टात कोण उभं राहिलं असेल? खुद्द एनएफएल, म्हणजे सुपर बोल भरवणारी लीग. अमेरिकन लीगच म्हणत होती, की कॅनडियन लोकांना अमेरिकन जाहिराती दाखवू नका! विचित्र वाटतं, पण विचार केला तर सरळ आहे. लीगला कॅनडाचे हक्क बेलला महाग विकायचे असतात, आणि जाहिराती स्वतःच्या हातात नसतील तर बेल एवढे पैसे कशाला देईल? अमेरिकेने हा विषय मेक्सिको आणि कॅनडाबरोबरच्या नव्या व्यापार करारातही घातला. गाड्या, दूध, पोलाद यांच्याबरोबर एका सामन्याच्या जाहिरातींची सोय करणारं कलम! करार लागू व्हायच्या आधीच, १९ डिसेंबर २०१९ ला, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन असा निकाल दिला: सीआरटीसीने वापरलेल्या कलमात असा एकाच कार्यक्रमापुरता हुकूम काढायचा अधिकार नाही. फेब्रुवारी २०२० पासून सिमसब परत आला, आणि पुढे आमच्या बेसमेंटात ते गृहकर्ज.

ब्लॅकआउटबद्दल असला खटला तुम्हाला सहसा ऐकू येणार नाही. नियमाला आव्हान देता येतं. दोघांनी राजीखुशीने केलेल्या करारात तिसऱ्या प्रेक्षकाचं कोण ऐकतो?

स्ट्रीमिंगवर मात्र दोघांची वाट वेगळी होते. सिमसब हा केबल आणि सॅटेलाइटचा प्राणी आहे. मालिका लोक हवी तेव्हा मोबाइलवर बघू लागले, की 'एकाच वेळी' ही अटच निकामी होते. ब्लॅकआउट उलट इंटरनेटवर जास्त चोख चालतो, कारण तुम्ही कुठे बसलाय हे तुमच्या जोडणीवरूनच कळतं.

पुढे काय करायचं, तर मित्राला मी सांगितलं: शनिवारी रात्री सीबीसी किंवा स्पोर्ट्सनेटवर राष्ट्रीय सामने असतात, त्यात जेट्स असले तर बिनधास्त दिसतील. (शनिवारची हॉकी सीबीसीवर दिसते म्हणून ती सीबीसीची समजू नका. २०१४ पासून तिथल्या जाहिरातींचे पैसे रॉजर्सला जातात. पण तो तिसरा घोळ, त्यासाठी आणखी वडे लागतील.)

आणि सुपर बोलसाठी मी बाल्कनीत अँटेना लावला. सिमसब तारेतून होतो, हवेतून थेट येणाऱ्या लहरींना कोणी बदलत नाही. सरोवरापलीकडून बफेलोचं चॅनेल आलं, मधेच चित्राचे चौकोन होत, पण आलं. पहिली अमेरिकन जाहिरात लागली तेव्हा मी अक्षरशः सगळ्यांना गप्प केलं. सोफ्यावरून पुतण्या म्हणाला, "काका, ही तर मंगळवारीच यूट्यूबवर आली."