वाई

वाई : सातारा जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण व नगरपालिकेचे शहर. लोकसंख्या सु. ३६,००० (२०११). कृष्णेच्या वरच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सु. ७०० मी. उंचीवर, साताऱ्यापासून सु. ३५ किमी. अंतरावर ते वसले आहे. पुणे–सातारा महामार्गावरील सुरूर फाट्यावरून पश्चिमेकडे वळणारा रस्ता वाईतून जातो व पसरणीचा घाट चढून पाचगणी–महाबळेश्वराकडे जातो. नदीकाठच्या देवळांमुळे व घाटांमुळे वाईला ‘दक्षिण काशी’ म्हणतात. अर्थात हे बिरुद मिरविणारी गावे दक्षिणेत आणखीही आहेत.

खोरे तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे. उत्तरेस पांडवगड व मांढरदेवाची रांग, दक्षिणेस पाचगणीचे पठार, तर पश्चिमेस कमळगड. या गडाच्या एका अंगाने कृष्णा, दुसऱ्या अंगाने वाळकी वाहत येते. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिमी.हून अधिक पाऊस पडतो, वाईत मात्र हजार मिमी.हून कमी. जोर गावाकडून येणाऱ्या कृष्णेला पावसाळ्यात जे पाणी असते ते बहुतांशी या वरच्या पावसाचे. वाईत ऊन पडलेले असताना नदी चढल्याचे जुनी माणसे सांगतात, त्याचा उलगडा यातच होतो. धोम धरण झाल्यापासून हे बरेचसे आटोक्यात आले.

प्राचीनत्व : वाई म्हणजे महाभारतातील विराटनगरी, पांडवांनी अज्ञातवास येथे काढला, अशी समजूत दृढ आहे. पांडवगड व वैराटगड ही नावे तिच्या पुष्ट्यर्थ पुढे केली जातात. ही समजूत जुन्या स्थलवर्णनांतून नोंदली गेली व तेथून पुढच्या लेखनात, कधी कधी प्रश्नचिन्ह गाळून, उतरली. तथापि विराट हा मत्स्य देशाचा राजा आणि मत्स्य देश उत्तरेकडचा. म्हणून राजस्थानातील बैराट हेच ते स्थान, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. शिवाय कर्नाटकातील हनगल आणि गुजरातेतील धोळका येथेही हीच कथा सांगितली जाते. त्यांपैकी हनगलच्या बाजूने कोरीव लेखांतील उल्लेखांचा आधार तरी दाखविला जातो. गडांच्या नावांवरून काढलेले अनुमान दुबळे आहे. पांडवगड व वैराटगड यांची उभारणी पन्हाळ्याचा शिलाहार राजा दुसरा भोज (बारावे शतक) याच्याकडे देण्याचा प्रघात आहे. तो खरा धरल्यास कथेवरून नावे पडली असण्याचा संभव अधिक. नावांवरून कथा सिद्ध होत नाही.

वाईचे प्राचीनत्व सांगण्यासाठी मात्र पांडवांची गरज नाही. शहराच्या वायव्येस काही किमी. अंतरावर लोहारे गावाजवळ बौद्ध लेण्यांचा समूह आहे. तेथील मुख्य लेण्यातील स्तूपाचा उरलेला भाग पालपेश्वर या नावाने शिवलिंग म्हणून पूजिला जातो. ही लेणी इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांतील असावीत. कोकणातून घाट चढून देशावर येणाऱ्या वाटांलगत भिक्षूंचे वर्षावास (पावसाळ्यातील मुक्काम) असत. या खोऱ्यातील वस्तीही तशाच एखाद्या वाटेवर वाढली असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

इतिहास : मध्ययुगात वाई बहमनी व पुढे आदिलशाही अंमलाखाली होती. १६४९ पासून येथील सुभेदारी अफझलखानाकडे होती. १६५९ च्या मोहिमेत त्याची छावणी वाईस होती व तेथूनच तो जावळीत उतरला. १६८७ च्या अखेरीस वाईजवळ मोगल फौजांशी झालेल्या लढाईत मराठ्यांचे सरसेनापती हंबीरराव मोहिते पडले.

वाईला आजचे रूप आले ते अठराव्या शतकात, रास्ते घराण्यामुळे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातल्या. त्यानंतर पेशवाईत रास्त्यांचे वजन वाढत गेले आणि त्याचा बराचसा पैसा या नदीकाठी दगडात उतरला. आनंदराव भिकाजी रास्ते यांनी काशीविश्वेश्वराचे देऊळ (सु. १७५७) व गणपतराव भिकाजी रास्ते यांनी महागणपतीचे देऊळ (सु. १७६२) बांधले. एकसंध काळ्या दगडातील भव्य मूर्तीमुळे दुसरे देऊळ ‘ढोल्या गणपती’ म्हणून प्रसिद्ध आहे.

या देवळाची मागची भिंत विशेष लक्षणीय आहे. देऊळ अगदी पात्राला लागून आहे. पुराचे पाणी ज्या अंगाने येते त्या अंगास गाभाऱ्याची भिंत सपाट न ठेवता दोन बाजूंनी निमुळती करीत कोनात मिळविली आहे. लोट या कोनावर फाटतो व दोहोंकडून निघून जातो. सपाट भिंतीला घ्यावा लागणारा सरळ मारा टळतो. या रचनेस ‘मत्स्याकार’ म्हणतात व काही जण तिच्यात मत्स्यावताराचा संकेत पाहतात. पुलाच्या खांबांचे प्रवाहाकडील तोंडही असेच निमुळते घडवितात, हे लक्षात घेता बांधणाऱ्यांचा हेतू जलशास्त्रीय होता असे मानणे पुरेसे आहे. मराठा काळातील गवंडीकामाचा हा एक उत्तम नमुना. त्याची रीतसर मोजमापे घेतली जावीत.

घाट व उत्सव : गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह व भीमकुंड असे सात घाट आहेत आणि बहुतेक घाटांमागे त्याच नावाची आळी आहे. माघ–फाल्गुनात कृष्णाबाईचा उत्सव पाळीपाळीने एकेका घाटावर होतो. मांडव घालून देवीची स्थापना करतात. कीर्तन, पालखी व प्रसादाचे जेवण असा क्रम असतो. अफझलखानाचे संकट टळावे म्हणून एका शास्त्र्याने कृष्णेला नवस बोलला, त्यातून उत्सव सुरू झाला, असे परंपरा सांगते. नवसाची कथा बाजूला ठेवली, तरी आळीवार वाटणीचे आजचे स्वरूप घाट बांधले गेल्यानंतरचेच असणार.

विद्या : वेदशास्त्राध्ययनाची येथील परंपरा जुनी आहे. वाईहून निघणाऱ्या मोदवृत्त या साप्ताहिकावर १८९७ मध्ये राजद्रोहाचा खटला झाला. नारायणशास्त्री मराठे (पुढे केवलानंद सरस्वती) यांच्या अध्यापनातून प्राज्ञपाठशाळा उभी राहिली. तिची स्थापना सामान्यतः १९१६ ची धरतात. विनोबा भावे साबरमतीहून रजा घेऊन काही काळ येथे शिकले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–९४) याच पाठशाळेत घडले. धर्मकोशाचे (धर्मशास्त्रीय वचनांच्या संग्रहाचे) काम येथे चालले. मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक असलेले तर्कतीर्थ वाईत राहत असल्याने त्याचे कार्यालयही येथेच आले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. राजधानीपासून इतक्या दूर, तालुक्याच्या गावी, राज्याचा ज्ञानकोश सिद्ध व्हावा हा योग विरळाच.

शेती व परिसर : ऊस, हळद, भात व ज्वारी ही मुख्य पिके. हळद काढल्यावर कंद काहिलीत शिजवितात, वाळवितात व फिरत्या पिंपात घालून घासतात, तेव्हा तिला बाजाराची चमक येते. भुईंज येथे सहकारी साखर कारखाना आहे. धोम येथे नृसिंहाचे देऊळ असून तेथील नंदी कासवाच्या पाठीवर, कमळाकृती हौदात बसविलेला आहे. मेणवली येथे नाना फडणिसांचा वाडा व घाट असून त्यांचे दप्तर पेशवाईच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे. घाटावरच्या देवळापाशी टांगलेली मोठी पोर्तुगीज घंटा वसईच्या मोहिमेतून (१७३९) आली, असे सांगतात. बावधन येथे रंगपंचमीस भैरवनाथाचे बगाड निघते. नवस फेडणारा बगाड्या उंच आडव्या लाकडाला टांगलेला असतो आणि गाडा शेतांतून बैलजोड्यांनी ओढीत गावात आणतात.