पारो आणि चंद्रमुखी भेटल्याच नाहीत

'पारो आणि चंद्रमुखी मैत्रिणी झाल्या, दुर्गापूजेत एकत्र नाचल्या, असं शरच्चंद्रांनी लिहिलंय', हे विधान अनेक वर्षं फिरतंय. साफ चूक. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या १९१७ साली पुस्तकरूपात आलेल्या 'देवदास'मध्ये या दोघी एकमेकींसमोर कधीच येत नाहीत. तो नाच २००२ च्या हिंदी चित्रपटातला. लंडनहून परतलेला देवदासही तिथलाच. कादंबरीतला शिकायला जातो तो कलकत्त्याला.

शेवटही वेगळा आहे, आणि माझ्या मते कितीतरी जास्त क्रूर. चित्रपटात धावत येणाऱ्या पारोसमोर फाटक बंद होतं, इकडे देवदास शेवटचे श्वास घेतो. कादंबरीत तो पांडुआ स्टेशनवरून बैलगाडीने पारोच्या सासरी, हातीपोत्याला पोचतो आणि झाडाखाली मरतो. ब्राह्मणाचं असूनही प्रेताला गावातलं कुणी हात लावत नाही. चांडाळ नेतात, तेही अर्धवट जाळून टाकतात. मेला तो देवदास होता, हे पार्वतीला, म्हणजे पारोला, कळतं ते त्यानंतर. ती धावत सुटते, नोकर तिला अडवतात आणि ती बेशुद्ध पडते. बस्स. गाणं नाही, निरोप नाही.

मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे शरच्चंद्र मराठीत घरोघरी पोचले होते, तरी आपल्याकडेही हा घोळ आहेच!